तळाची शिवण

१

चेअरमन हिंमतरावांच्या घरचं चांदीचं ताट सकाळी आठलाच जिनिंगच्या ऑफिसात येऊन पोचलं, आणि सगळा घोळ त्या ताटापायीच उघडकीला आला. खरं तर नमुन्याची पिशवी दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या समोरच उघडायची, असं ठरलं होतं. पण जपानहून आलेल्या माणसांपुढे कापूस ताटात शोभतो की टोपलीत, याचा चेअरमनसाहेबांना घोर लागला होता. ताट तर आलं. आता ताटात ठेवून बघायला कापूस हवा, म्हणून पिशवी उघडायची.

वडनेर भोलजीच्या ज्ञानगंगा जिनिंग सोसायटीत त्या जानेवारीत लगीनघाई चालली होती. नवं राज्य होऊन पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. आपल्या भागाचा माल परदेशात गेला पाहिजे असं मुंबईचे पुढारी भाषणात सांगत, आणि सोसायटीचे सेक्रेटरी भगवानराव ते भाषण मनावर घेणाऱ्या थोड्या लोकांपैकी होते. दोन वर्षं ते पत्रं लिहीत राहिले. आमचा कापूस दलालांच्या हातून जातो, त्याच्यावर आमच्या गावाचं नावसुद्धा नसतं, एकदा येऊन बघा. शेवटी एका जपानी कंपनीचे दोन खरेदीदार यायला कबूल झाले. पंधरा दिवसांपूर्वी रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, एक नमुना काढून त्याचे दोन भाग केले. एक मुंबईला गेला आणि पाहुण्यांना पसंत पडला. दुसरा इथे मांजरपाटाच्या पिशवीत शिवून, गाठीवर लाखेचं सील मारून कपाटात ठेवला. उद्या दोन्ही भाग ताडून बघायचे, जुळले की पाचशे गाठींचा करार.

नमुन्यावर दाखला होता वामनरावांचा. खामगावच्या बाजारात तीस वर्षं कापसाची प्रत ठरवणारा हा माणूस आता निवृत्त होऊन नांदुऱ्याला राहत होता. त्यांनी सील निरखलं. शिक्का शाबूत होता. त्यांनी ते फोडलं, तोंडाची शिवण उसवली आणि रुई ताटात ओतली.

मग सवयीने त्यांनी चिमूटभर रुई उचलली, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढली, तंतू सरळ केले आणि नखाशी लावून बघितले. पुन्हा चिमूट घेतली. पुन्हा ओढली. पंधरा दिवसांपूर्वी इंचाच्या वर भरलेला तंतू आज जेमतेम पाऊण इंच होता.

"हा तो कापूस नाई," ते म्हणाले.

 हिंमतरावांनी ताटाकडे बघितलं, मग कपाटाकडे, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या चौकीदाराकडे.

"उकंड्या, कपाटाची किल्ली कोनापाशी राह्यते बे?"

२

उकंडरावांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन बावीस वर्षांपूर्वी याच जिनिंगच्या मशीनच्या रुळांत सापडून गेली. तेव्हा जिनिंग एका शेटजीचं होतं. बोटं गेली म्हणून त्यांना मशीनवरून काढून फाटकावर बसवलं, आणि जिनिंग सोसायटीकडे आलं तेव्हा फाटकाबरोबर उकंडरावही आले. कपाटाच्या किल्ल्या दोन होत्या. एक भगवानरावांच्या खिशात, दुसरी उकंडरावांच्या कमरेला.

"सेक्रेटरी आपला कापूस आपनच कायले चोरन?" हिंमतराव म्हणाले. "वामनराव, दाखला तुमचा हाय, तं शोध बी तुमीच लावा. सांजपर्यंत मले नाव पायजे. नाईतर उद्या गाडी यायच्या आधी ह्याले ठाण्यात देतो. पाहुण्यायले काई तं सांगा लागन ना."

म्हणजे काहीतरी सांगायला एक माणूस हवा होता, आणि तीन बोटांचा माणूस त्यांना सोयीचा वाटला. वामनरावांना हे आवडलं नाही. पण ते बोलले नाहीत. त्या पंधरा दिवसांत न बोलण्याची त्यांना सवय लागत चालली होती.

त्यांनी उकंडरावांना बाहेर लिंबाच्या पारावर बसवलं.

"किल्ली कोनाले देल्ली होती का?"

"नाई साहेब. माह्या कमरेची सुटली नाई." हे बोलताना ते आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"जेवाले घरी जाता तवा?"

"कमरेलेच राह्यते." मग मान वर करून, "साहेब, मी चोर नाई. मह्या पोरीची सोयरीक झाली हाय जळगावाकडे. ठान्याची पायरी चढलो तं ते लोक मागं फिरतीन. अन् चोरून मी काय करू त्या कापसाचं? अदपाव रुई. उशी बी होत नाई."

किल्लीबद्दल हा माणूस खोटं बोलतोय, हे वामनरावांना कळलं. चोरीबद्दल खरं बोलतोय, हेही कळलं. खोटं बोलणाऱ्याला खोटं बोलणारा लगेच ओळखू येतो.

कारण सकाळी ताटात तो आखूड कापूस दिसला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा राग आला नव्हता, भीती वाटली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना वाटली होती ती सुटका. आणि ती का वाटली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

३

भगवानराव टेबलाशी बसून फायलीची पानं शिवत होते. हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नसे. त्यांच्या खणात दोऱ्यांची रिळं रचून ठेवलेली होती, जाड, बारीक, पांढरी, तांबडी.

"काका, दोन वर्सं झाली," ते वर न बघता म्हणाले. "एकशे सोळा पत्रं लिहिली मी. घरचे म्हनत, जपानले सोयरीक करून राह्यला का. आता ऐन वक्ताले हे."

"कपाटात अजून काय ठेवता?"

"रोखे, शिक्के, बायांच्या हजेरीचं बुक. बस."

"नमुना कोन्या शेतातला होता, भगवानराव?"

सुई थांबली. "चिठ्ठीवर लिहिलं हाय ना. चेअरमनच्या शेतातला."

वामनराव चेअरमनकडे गेले. हिंमतराव वऱ्हांड्यात आरामखुर्चीत पडून, रुई बाजूला काढून रिकामं केलेलं चांदीचं ताट स्वतःच्या उपरण्याने पुसत होते. चिठ्ठीवर 'श्री. हिंमतराव यांच्या शेतातील' असं मोठ्या अक्षरात होतं, आणि ती चिठ्ठी मुंबईला गेली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते.

"कोनतं शेत, पाटील? नाल्याकाठचं का टेकडीचं?"

"शेत म्हनजे शेतच ना," हिंमतराव म्हणाले, आणि ताटावर नसलेला डाग घासू लागले. "तुमी चोर पाहा, वामनराव. शेत कायले पाहता?"

वामनराव तिथून निघाले आणि रुईच्या ढिगामागे एकटेच जाऊन बसले. आता स्वतःपासून तरी लपवण्यात अर्थ नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी भगवानरावांनी तो नमुना समोर ठेवला, त्यांनी चिमूट ओढली, आणि बोटांनी त्यांना त्याच क्षणी सांगितलं होतं की हा वडनेरचा कापूस नव्हे. इथली काळी माती, कोरडवाहू पीक, गावरान बी. तीस वर्षांत या शिवाराने इंचाच्या वर तंतू दिला नव्हता, तो एका हंगामात कुठून देणार? पण समोर छापील दाखला होता, खाली रेघ होती, आणि ती सही समुद्रापलीकडे वाचली जाणार होती. नमुना जसा आहे तशी त्याची प्रत लिहायची, तो कुठला हे विचारणं आपलं काम नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि सही केली. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं.

आता ती सही वाचवायला दुसऱ्या कुणाला तरी चोर ठरवायचं होतं.

ते उठले आणि ऑफिसात जाऊन रिकामी पिशवी हातात घेतली. सील तर शाबूत होतं, तोंडाची शिवण त्यांनी स्वतः उसवली होती. मग रुई बदलली कशी? त्यांनी पिशवी उलटी केली, आणि तळाच्या शिवणीवर त्यांचा अंगठा अडखळला.

४

पिशवीचं तोंड सुतळीने शिवलेलं होतं. बाजूही सुतळीच्याच. तळ मात्र दोऱ्याने शिवलेला होता, पांढऱ्याशुभ्र, आणि टाके सुतळीच्या जुन्या भोकांतूनच घेतलेले. शिवणाऱ्याचा हात इतका सफाईचा होता की सहज बघणाऱ्याला फरक कळू नये.

वामनरावांनी तो दोरा कापून काढला. गिरणीचा दोरा सारखा असतो. हा कुठे जाड, कुठे बारीक होता. हाताने वळलेलं सूत. त्यांनी त्याचा पीळ उलटा फिरवला, सूत मोकळं केलं, तंतू अंगठ्यांत धरून ओढले आणि नखाशी लावले.

इंचाच्या वर.

ते खुर्चीवर बसले. चोरलेल्या रुईतलीच चिमूट घेऊन कुणीतरी सूत वळलं होतं आणि त्याच सुताने तळ शिवला होता.

मग त्यांनी ताटातून बाजूला काढलेल्या रुईकडे नीट बघितलं. सकाळी फक्त लांबी बघितली होती. आता बघितलं तर तिच्यात पानाचा एक कण नव्हता, सरकीचं टरफल नव्हतं, पिवळा पडलेला एक पुंजका नव्हता. गावरान कापूस इतका स्वच्छ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. दोन-तीन दिवस बसून कुणीतरी तो तंतू-तंतू निवडला होता. चोर पिशवीत हाताला येईल ते कोंबतो. हे कोंबलेलं नव्हतं.

आता कोण उरतं? ज्याच्या खणात रिळं भरलेली, तो भगवानराव सूत वळत बसणार नाही. हिंमतरावांनी आयुष्यात स्वतःचं बटण लावलं नव्हतं. आणि उकंडरावांच्या तीन बोटांनी सूत वळणं होणारच नाही. ज्याला दाभण चालवता येतं, सूत वळता येतं, कापूस असा निवडता येतो आणि ज्याचं त्या कपाटाशी रोज काम पडतं, असं माणूस जिनिंगमध्ये एकच होतं.

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. अंगणात कापूस निवडणाऱ्या तीस-चाळीस बायका बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध बसलेली म्हातारी हात न थांबवता त्यांच्याचकडे बघत होती.

५

सोजराबाई त्या बायकांची मुकादमीण. पंचावन्न-साठची, कपाळावर मोठं गोंदण. तरुणपणी चरख्याच्या दिवसांत तिच्या सुताला वडनेरमध्ये मान होता. संध्याकाळी बायकांची हजेरी लागली की बुक कपाटात ठेवायचं कामही तिचंच.

वामनराव तिच्यासमोर पोत्यावर बसले आणि तळहातावर ते सूत धरलं. "सोजराबाई, हे कोनाचं?"

तिने एकदा बघितलं. "माहं," ती म्हणाली.

इतक्या सहज कबुली मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. 

"दाभन होतं, सुतळी नवती," तीच सांगू लागली. "भगवानरावच्या खनात रिळं होते, पन दुसऱ्याच्या खनाले हात कायले लावाचा? आपल्या कापसाचं सूत वळून पाह्यलं, तं तुटे. त्या दुसऱ्याचं वळलं. लय चांगला कापूस हाय, भाऊ. खोटं नाई बोलाव. पन आपला नाई."

"किल्ली?"

"उकंडा जेवाले जाते तवा मह्यापाशी देते, बुक ठेवाले. रोजचंच हाय. त्याले वाटते, सांगतलं तं नोकरी जाईन, म्हनून नाई सांगत बिचारा. त्यानं पिशवी पाह्यली बी नाई."

"पन काऊन केलं हे?"

सोजराबाईने हातातला कापूस खाली ठेवला. "नऊ वर्साखाली ह्याच जिनिंगातल्या साठ गाठी मुंबईहून वापस आल्या होत्या. आठोते? नमुना एक अन् माल दुसरा. शेटनं काय म्हटलं? बायायनं कचरा मिसळला. कौशल्याबाईची सगळ्यायच्या देखत झडती घेतली अन् फाटकाभाईर काढलं. मही जाऊ होती ते. पुन्हा मान वर करून गावात हिंडली नाई. त्या नमुन्यावर कोनाची सही होती, भाऊ?"

वामनरावांना आठवत होतं. नमुना खरा होता, प्रत बरोबर लिहिली होती. गाठींत काय भरलं ते बघणं त्यांचं काम नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

"आता तं पाचशे गाठी," ती म्हणाली. "अन् समुद्राच्या पलीकडून वापस येतीन. तवा कोनाची झडती होईन? म्या म्हटलं, दाखवाचं तं आपलंच दाखवा. आपल्या सहा घरचा कापूस आनला, तीन दिवस निवडला, अन् घातला पिशवीत."

"मले सांगाचं होतं. मी काई तं केलं असतं."

"तुमाले माहीत होतं," सोजराबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पिशवी शिवाले मलेच बलावलं होतं त्या दिवशी. दाभन घेऊन उभी होती मी. तुमी चिमूट ओढली अन् तुमचे बोटं थांबले. मी पाह्यलं. म्हटलं, आता हा मानूस बोलन. तुमी पेन मांगतला."

वामनरावांनी सुताची मूठ मिटली. चाळीस बायकांचे हात कापसात सरसर चालत होते, आणि एकीनेही मान वर केली नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"अन् उकंडरावाले ठाण्यात देल्लं असतं तं?"

"नसतं जाऊ देल्लं. सांजले हिंमतरावाच्या दारात जाऊन बसनार होती. सकाळपासून एवढंच पाहून राह्यली होती, तुमी तळाच्या शिवणीले हात लावता का नाई." तिने मागच्या पोत्यातून एक फडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे घ्या तुमचा चांगला कापूस. सुतापुरती चिमूट कमी हाय."

६

दिवस कलायच्या आत वामनरावांनी हिंमतराव आणि भगवानराव दोघांना ऑफिसात बसवलं. उकंडराव दाराशी होते, सोजराबाई उंबऱ्याच्या बाहेर. टेबलावर चांदीचं ताट, ताटाशेजारी ते फडकं.

त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. तळाची शिवण, हाताने वळलेलं सूत, सुताचा लांब तंतू, निवडलेली रुई, रिळांनी भरलेला खण, तीन बोटं. हिंमतराव ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकले.

"म्हनजे बाईनं चोरला."

"बाईनं बदलला. चोरी आधीच झाली होती," वामनराव म्हणाले. "पाटील, तुमच्या कोन्याच शेतात एवढा लांब तंतू होत नाई. तुमाले हे माहीत होतं अन् चिठ्ठीवर तुमी नाव घालू देल्लं. मले चिमूट ओढताच समजलं अन् मी सही केली. आता भगवानराव, तुमी सांगा. कापूस कुठला?"

भगवानरावांनी बराच वेळ हातातली सुई पिशवीच्या चिंधीत खुपसली आणि काढली. "सोनाळ्याचा," ते शेवटी म्हणाले. "सातपुड्याच्या पायथ्याशी एका बागायतदारानं भाईरचं बी आनून लावला हाय. विहिरीच्या पान्यावर."

"किती?"

"दोन एकर." मग घाईघाईने, "सोनाळा बी आपल्याच जिल्ह्यात हाय ना, काका? एकदा पाहुने आले असते, करार झाला असता, तं पुढच्या साली आपन बी तेच बी लावलं असतं. मी काई सोताच्या घरासाठी नाई केलं. ह्या भागाचं नाव व्हावं म्हनून केलं."

ते खरंच होतं. त्या माणसाने सोसायटीचा एक पैसा कधी खाल्ला नव्हता. त्यामुळेच त्याच्याकडे बघणं वामनरावांना जड जात होतं. माणूस लबाड असता तर काम सोपं होतं.

भगवानरावांनी फडक्याची गाठ सोडली. पांढरी, लांब, रेशमासारखी रुई. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"काका, कापूस तं सापडला. चोरी झालीच नाई असं समजा. हा पिशवीत घालू, तुमी सील मारा. उकंडराव सुटला, त्याच्या पोरीची सोयरीक वाचली, सोजराबाईचं नाव कोनी घेनार नाई. कोनाचंच वाईट होत नाई. तुमाले फक्त काईच कराचं नाई."

हिंमतरावांनी मान डोलावली. उकंडरावांनी दाराच्या चौकटीला धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी आशा दिसली की वामनरावांना तिकडे बघवेना. उंबऱ्याबाहेरून सोजराबाई त्यांच्या बोटांकडे बघत होती.

काहीच न करणं वामनरावांना चांगलं जमत असे. नऊ वर्षांपूर्वी जमलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी जमलं होतं. त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा बांधली, ते काखेत मारलं आणि घरचा रस्ता धरला.

"उकंडरावाले कोनी हात लावाचा नाई," जाताना ते म्हणाले. "बाकी सकाळी."

७

पाहुणे सकाळच्या गाडीने नांदुऱ्याला उतरले आणि जीपने वडनेरला आले. दोन जपानी गृहस्थ, बरोबर मुंबईचा दुभाषी. पताका लागल्या होत्या, शाळेची मुलं रांगेत उभी होती, हिंमतरावांनी नवा फेटा बांधला होता. ऑफिसात चांदीचं ताट होतं. रिकामं.

वामनरावांनी खिशातून एक काळं कापड काढलं आणि टेबलावर पसरलं. त्यावर डावीकडे सोनाळ्याची रुई ठेवली, उजवीकडे काल पिशवीतून निघालेली.

"तुमी मुंबईत पाह्यला तो हा," ते दुभाष्याला म्हणाले. "हा चांगला कापूस हाय, पन तो दोन एकरच हाय. वडनेरचा कापूस हा दुसरा. पाचशे गाठी पायजे तं ह्या मिळतीन. पहिला नमुना वडनेरचा म्हनून दाखवला, अन् मी दाखल्यावर सही केली. ते खोटं होतं. मले माहीत होतं."

दुभाषी घुटमळला. "हे असंच सांगू?"

"असंच सांगा."

भगवानराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हिंमतरावांचा फेटा जरासा पुढे आला. दुभाषी बोलत होता तेवढा वेळ थोरल्या पाहुण्यांनी वामनरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. मग त्यांनी उजवीकडच्या रुईतून चिमूट घेतली, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढली आणि नखाशी लावली. अगदी खामगावच्या बाजारातल्या माणसासारखी. दुसरी चिमूट उन्हात धरून ते बराच वेळ तिच्यात कचरा शोधत राहिले. तो काही सापडला नाही. त्यांनी काहीतरी विचारलं.

"ते म्हणतात, हा कुणी निवडला?" दुभाष्याने सांगितलं.

वामनरावांनी दाराबाहेर बोट केलं. सोजराबाई पदर सावरून उभी होती, शेजारी उकंडराव.

करार झाला नाही. पाहुण्यांनी दोन कागदांत दोन चिमटी वेगवेगळ्या बांधून घेतल्या, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने ते गेले. भगवानराव महिनाभर वामनरावांशी बोलले नाहीत. हिंमतरावांनी आपलं ताट घरी नेलं. वामनरावांनी खामगावच्या बाजार समितीला पत्र लिहून आपला दाखला रद्द करायला सांगितला, आणि तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांच्या नावापुढे पहिल्यांदाच एक शेरा आला. त्यांनी तो वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. उकंडरावांच्या पोरीचं लग्न फाल्गुनात झालं.

चैत्रात पत्र आलं. पाचशे नाही, चाळीस गाठी. गाद्या-रजयांसाठी आखूड तंतूचाच कापूस हवा होता, मात्र तसाच निवडलेला. पत्र भगवानरावांनी चार वेळा वाचलं, मग ते घेऊन स्वतः नांदुऱ्याला वामनरावांच्या घरी गेले.  एकशे सतरावं पत्र भगवानरावांनी त्यांच्यासमोरच बसून लिहिलं, आणि सोनाळ्याचं बी किती एकरांना पुरेल याचा हिशेब त्यांना विचारला.

गाठी निघायच्या आदल्या दिवशी नमुना बांधायचा होता. या वेळी वामनरावांनी अंगणातच पोतं टाकलं, सगळ्या बायकांच्या समोर. त्यांनी चिमूट ओढली, नखाशी लावली आणि मोठ्याने म्हणाले, "पाऊण इंच. वडनेर." मग सही केली.

सोजराबाईने दाभणात सुतळी ओवली आणि पिशवीचा तळ शिवायला घेतला. शिवता शिवता, मान वर न करता, तिने विचारलं, "भाऊ, एक गोष्ट पुसू का? त्या खेपेले तुमाले चिमूट ओढताच समजलं होतं. मंग पंधरा दिवस काऊन लागले?"

 कौशल्याबाईच्या वेळचं गप्प राहणं कबूल करायला तर वामनरावांना नऊ वर्षं लागली होती, आणि ती अजून घराबाहेर पडत नव्हती.  त्यांनी फक्त पिशवीचं दुसरं टोक धरलं, म्हणजे तिला टाका नीट घेता यावा, आणि तळ शिवून होईपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.